राखाडी जास्वंदीचं बी

हॉस्पिटलने नवऱ्याच्या वस्तू एका पारदर्शक पिशवीत घालून दिल्या. चष्मा, घड्याळ, कमरेचा पट्टा आणि पुढच्या दोन दातांची छोटी कवळी. खिडकीतल्या माणसाने कवळीकडे बोट दाखवून विचारलं, हेही न्यायचं का? बाईंनी होय म्हणून मान हलवली. कवळी त्यांनीच केलेली होती. घरी आल्यावर, माणसं जमायच्या आधी, त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे कवळी धुतली आणि काचेच्या वाटीत पाण्यात बुडवून ठेवली. कोरडी पडली की कवळी वाकते, मग तोंडात बसत नाही. आता कुणाच्या तोंडात, हा प्रश्न त्यांच्या मनात आलाच नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाटीतलं पाणी बदललं. मग ते रोजचंच होऊन बसलं.

रडल्या मात्र नाहीत. त्याचं आधी कौतुक झालं, मग काळजी, मग कुजबुज. नणंद म्हणाली, वहिनी धीराची आहे. थोड्या दिवसांनी तीच नणंद स्वयंपाकघरात कुणाला तरी सांगत होती की आतून दगड असल्याशिवाय इतकं कोरडं राहता येत नाही. बाईंच्या कानावर ते पडलं. राग यायला हवा होता, तोही आला नाही. दात काढण्याआधी डॉक्टर हिरडीत सुई टोचतो, तेव्हा गाल आपलाच असतो, बोटाला तो लागतो, पण गालाला बोट लागत नाही. तसं काहीतरी झालं होतं. फक्त ते बधिरपण उतरत नव्हतं.

गल्लीत त्यांना सगळे दातवाल्या बाई म्हणत. मागच्या खोलीत त्यांचं काम चाले. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे ठसे पाठवत. बाई त्यात प्लास्टर ओतून साचा काढत, साच्यावर मेणाची हिरडी चढवत, मेणात एकेक दात रोवत. खोलीत कायम प्लास्टरची पांढरी भुकटी आणि वितळलेल्या मेणाचा वास. फळीवर अनोळखी माणसांचे जबडे ओळीने मांडलेले. मुलगी लहान असताना म्हणायची, आई, हे सगळे आपल्याकडे बघून हसतायत, पण डोळेच नाहीत तर बघतात कशाने?

या कामात बाईंची एक रीत होती. कवळी करायच्या आधी त्या पेशंटचा जुना फोटो मागवून घेत. हसतानाचा. डॉक्टर कुरकुरत, लग्न जमवायचंय का? बाई म्हणत, फोटो नसेल तर काम दुसरीकडे द्या. फोटोत एखादा दात जरा तिरका दिसला तर त्या कवळीतही तो तिरका लावत. सगळे दात रांगेत सरळ बसवले की माणूस जाहिरातीतला दिसतो, घरातला दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. पेशंटच्या घरचे त्याचा चेहरा बघून म्हणत, अरे, हे तर आपले बाबाच. जे गेलं ते जसंच्या तसं परत आणून द्यायचं, यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यामुळे ते जमतं, अशी त्यांची समजूत होती.

नवरा वीज कंपनीत मीटर वाचायला होता. रोज सकाळी दारोदार हिंडायचं, कुणाच्या जिन्याखाली वाकायचं, कुणाच्या न्हाणीघरामागे शिरायचं, कुत्रं बांधलंय ना विचारायचं आणि आकडा टिपायचा. पुढचे दोन दात असेच एका भिंतीवरच्या मीटरसाठी स्टुलावर चढताना गेले होते. आकडा टिपून झाला की त्यांची नजर कुंपणाकडे वळे. तिथे जास्वंद दिसली की घरच्यांना विचारून ते फुलाच्या लांब दांडीवरचे पिवळे पराग औषधाच्या रिकाम्या डबीत झटकून घेत. लोकांना वाटे, वीज कंपनीचीच काहीतरी तपासणी आहे. एका बाईने तर विचारलं होतं, याचं वेगळं बिल येणार का?

ते पराग घरी आणून ते आपल्या कुंडीतल्या फुलाच्या दांडीच्या टोकाला असतात त्या पाच लाल ठिपक्यांवर बोटाने टेकवत. फुलाच्या देठाला एक मेणाचा पांढरा दोरा बांधत, म्हणजे कुणी ते तोडू नये. दोरा दात साफ करायचा; डॉक्टरांकडून बाईंना फुकट मिळे. मग दोन-तीन महिने ते बोंड सांभाळायचं, ते तपकिरी होऊन तडकलं की बिया काढायच्या, पेरायच्या, आणि वर्षभर, कधी त्याहून जास्त, वाट बघायची. फांदी लावली की तेच फूल पुन्हा येतं. बियातून येतं ते जगात आधी कुठेच नसतं. बहुतेक वेळा ते आधी नव्हतं हेच बरं होतं, असं वाटावं असं फूल येई. धुवून विटलेल्या टॉवेलसारखं गुलाबी, नाहीतर आजारी पिवळं. पण नव्या रोपाचं पहिलं फूल उमललं की ते मागच्या खोलीच्या खिडकीशी येऊन हाक मारत.

"अगं, ये लवकर. हे अजून कुणीच पाहिलेलं नाही."

बाईंच्या हातात नेमकं तेव्हाच भिजवलेलं प्लास्टर असे. "थांबा, बसेल ते," त्या आतून म्हणत. काम आटोपून बाहेर येईपर्यंत नवरा कामावर निघून गेलेला असे. फूल संध्याकाळपर्यंत मिटून जाई आणि दुसऱ्या दिवशी गळून पडे. ते म्हणत, तुझं प्लास्टर थांबत नाही आणि माझं फूल थांबत नाही, आपली दोघांची पत्रिका कुणी जुळवली कोण जाणे.

एकदाच बाई वेळेवर पोचल्या. मीटरवाल्याच्याच घरची वीज गेली होती, यंत्र बंद पडलं होतं, म्हणून. ते फूल ओंजळीएवढं होतं. राख आणि जांभळा यांच्यामधला कुठलातरी रंग, मध्ये काळपट लाल डोळा, कडेला फिकट पिवळी रेघ. बाईंनी आतून दातांच्या रंगांचे नमुने आणले आणि पाकळीशेजारी एकेक धरून बघितला. "हा तर नस मेलेल्या दाताचा रंग," त्या म्हणाल्या. नवरा इतका हसला की कवळी हातात काढून घ्यावी लागली. मेलेला दात म्हणून कोण आणेल झाड घरात, म्हणत त्यांनी झाडाचं नाव राखाडी ठेवलं. मग हातात दात धरूनच, बोळक्या तोंडाने, बाईंना फुलाशेजारी उभं करून फोटो काढला.

ते झाड मेलं, ते लोकांच्या मायेने मेलं.

नवरा गेल्यावर घरात येणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी करायचं होतं आणि करण्यासारखं काही नव्हतं. भांडी घासलेली, चहा झालेला, बाई कोरड्या डोळ्यांनी खुर्चीत. मग माणसं मागच्या अंगणात जात, कुंड्यांकडे बघत, त्याचा किती जीव होता झाडांवर म्हणत, आणि एक मग पाणी घालत. नणंदेने घातलं, तिच्या नवऱ्याने घातलं. वीज कंपनीतले लोक घोळक्याने आले, त्यांनी आळीपाळीने घातलं. शेजारीण तर सकाळ-संध्याकाळ. आणि सगळे गेल्यावर, आज कुणी पाणी घातलं नसेल असं वाटून, बाईही एक मग घालत. बाकीची झाडं जमिनीत होती, ती तगली. राखाडी कुंडीत होती. तिची पानं पिवळी पडली, तेव्हा सगळ्यांना वाटलं, पाणी कमी पडतंय.

बाईंनी शेवटी झाड उपटलं, तेव्हा मुळं काळी पडून बोटांत विरघळत होती. मात्र वरच्या एका वाळक्या फांदीवर पांढरा दोरा बांधलेलं एक बोंड होतं. नवऱ्याने आजारी पडायच्या आधी कधीतरी बांधलेलं. झाड जाता जाता ते पिकलं होतं. बाईंनी ते चिमटीत दाबलं. तडकलं, आणि तळहातावर बारीक लव असलेल्या तपकिरी बिया पडल्या.

दुसऱ्या गावाहून मुलीचा फोन रोज येई. आई, घर बंद कर आणि इकडे ये. बाई म्हणत, बघू. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी कारण सांगितलं. राखाडीचं बी सापडलंय. तिला फूल येऊ दे, मग येते. मुलीने विचारलं, आई, तू रडलीस का गं एकदा तरी? बाई म्हणाल्या, नाही. फुलाचं त्यांनी नुसतं सांगायचं म्हणून सांगितलं होतं. पण फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपलं काय ठरलंय. ते फूल पुन्हा समोर आलं, तोच रंग, तोच डोळा, की आत जे अडकून बसलंय ते सुटेल. काय गेलं ते तेव्हा कळेल. तोवर नाही.

जास्वंदीच्या बियांची साल कठीण असते. पेरण्याआधी तिला ब्लेडने एक चीर द्यावी लागते, म्हणजे पाणी आत शिरतं. नवरा हे काम चष्मा कपाळावर सरकवून, श्वास रोखून करी. बाईंनी विचार केला, ब्लेड कशाला, आपल्याकडे त्याहून बारीक हत्यार आहे. त्यांनी दात कोरायचं यंत्र लावलं, सगळ्यांत बारीक टोक चढवलं आणि सराईत हाताने एकेक बी टोकरायला घेतलं. दाताला जेवढा दाब लागतो तेवढाच दिला. बी म्हणजे दात नव्हे. टोक साल फोडून थेट आतल्या पांढऱ्या गरात गेलं. अर्ध्याहून जास्त बिया अशा झाल्यावरच त्यांना ते दिसलं, कारण कोरताना आत पांढरं प्लास्टर लागणं ही त्यांच्या कामात चूक नसते, तिथवर पोचायचंच असतं. उरलेल्या बियांना त्यांनी ब्लेड लावलं. कोरून वाया गेलेल्या बियाही त्यांनी टाकल्या नाहीत, पेरून टाकल्या. त्या कुजल्या.

बाकीच्यांतून काही उगवल्या. आधी मातीतून एक वाकडी मान वर आली, मग साल टोपीसारखी डोक्यावर अडकवलेलं रोप, मग दोन गोल पानं. बाई त्यांना पाणी घालत ते औषधाच्या ड्रॉपरने. शेजारीण पाण्याचा मग घेऊन आली की त्या दारातूनच तिला चहा विचारत.

कोपऱ्यावरचा सलूनवाला मीटरवाल्यांचा या छंदातला सोबती. तो वस्तऱ्याने कलमं बांधतो आणि त्याच वस्तऱ्याने दाढ्या करतो, अशी थट्टा गिऱ्हाइकं करत. तो रोपं बघायला आला. फोटो हातात घेऊन, रोपांच्या पानांचा आकार फोटोतल्या पानांशी ताडून बघणाऱ्या बाई त्याला दिसल्या. तो कुंडीजवळ उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "वहिनी, बियाचं काही खरं नसतं. एका बोंडातून दहा तोंडं निघतात, एकाचं दुसऱ्याशी जमत नाही. आमच्या भावंडांसारखं."

"माझ्याकडून फोटोसारखंच निघतं," बाई म्हणाल्या.

"ते दात झाले."

"हेही बघू."

त्याला अजून काही बोलायचं होतं असं वाटलं. पण तो उठला, पँटची माती झटकली, आणि दुकानात गिऱ्हाईक बसलंय म्हणून निघून गेला.

दिवस गेले. जबडे येत होते, कवळ्या जात होत्या, वाटीतलं पाणी रोज बदललं जात होतं. मुलगी मध्ये येऊन राहून गेली. तिने बापाचे कपडे आवरले, बाईंनी घड्या घालून दिल्या. मुलगी एका शर्टात तोंड खुपसून रडली, आणि बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, बरोबर तितका दाब देऊन. जाताना मुलगी म्हणाली, वाटी तरी उचल. बाई म्हणाल्या, वाकेल ती.

रोपं गुडघ्याएवढी झाली, मग कमरेएवढी. फोटोतली पानं दातेरी होती, म्हणून बाईंनी गोल पानांची रोपं एका बाजूला काढली आणि दातेरी पानांची खिडकीसमोर ठेवली. एकदा एका दातेरी रोपावर कळी आली. बाई रोज ती बघत. ती पिवळी पडून गळाली. मग दुसरी आली, तीही गळाली. सलूनवाला तेव्हा आला होता. गळालेली कळी बाईंनी बोटांनी उकलली होती आणि आत रंग शोधत होत्या. ते त्याला बघवलं नाही.

"वहिनी, एक सांगायचंय. रागावू नका."

"बोला."

"राखाडी माझ्याकडे आहे."

बाईंनी कळी कुंडीच्या काठावर ठेवली.

त्याने खाली बघत सांगितलं. त्या गर्दीच्या दिवसांत तोही आला होता. सगळे पाणी घालत होते तेव्हा त्याला कुंडीचं चिन्ह काही बरं दिसलं नाही. त्याने एक फांदी कापून खिशात घातली आणि दुकानामागे कलम बांधलं. विचारलं नाही. माणूस जाऊन चार दिवस होत नाहीत तोच त्याच्या दारातून न विचारता काही नेणं त्याला स्वतःलाच चोरीसारखं वाटलं. नंतर झाडच मेलं, मग तर बोलायला तोंड राहिलं नाही. उद्या त्या कलमाला फूल येणार होतं.

बाईंनी विचारलं, "वस्तऱ्याने कापलीत?"

"हो."

"मग नीट कापली असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सलूनमध्ये गेल्या. अर्ध्या गालाला फेस लावलेलं एक गिऱ्हाईक खुर्चीत होतं. त्याला तसंच ठेवून सलूनवाला त्यांना मागच्या दाराने अंगणात घेऊन गेला. कापलेल्या केसांचं पोतं, पाण्याचा ड्रम, आणि ड्रमशेजारी राखाडी. तोच रंग. तोच काळपट डोळा. कडेला तीच रेघ. बाईंनी पिशवीतून फोटो काढला नाही, गरज नव्हती. एखादी कवळी साच्यावर खट्‌कन बसावी तसं ते फूल त्यांच्या आठवणीवर बसलं, कुठे फट राहिली नाही.

त्या वाट बघत उभ्या राहिल्या. आतून गिऱ्हाइकाने हाक मारली की फेस वाळतोय. सलूनवाला गेला नाही. तो बाईंच्या तोंडाकडे बघत होता. त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं होतं.

"जमलंय," बाई म्हणाल्या. काम तपासून झाल्यावर त्या म्हणत तसं.

त्याने विचारलं, घरी आणून ठेवू का? बाई म्हणाल्या, "राहू दे इथेच. तुमच्याकडे पाहुणे पाणी घालत नाहीत."

परत येताना त्यांच्या डोक्यात एकच विचार होता, आणि तोही दुसऱ्या कुणाचा असावा तसा, लांबून ऐकू येणारा. फूल परत आलं होतं. काही सुटलं नव्हतं. म्हणजे सुटण्यासारखं आत काही नसेलच. नणंद म्हणाली ते बरोबर असेल. त्यांनी मुलीला फोन केला आणि म्हणाल्या, येते मी, गाडी पाठव. मुलीला आनंद झाला, पण आवाज ऐकून ती जपून बोलली. रोपं सलूनवाल्याने न्यायची ठरली. बियाची रोपं दणकट असतात, त्यांच्यावर चांगल्या फुलांची कलमं बांधता येतात. त्यांच्या स्वतःच्या फुलांचं कुणाला काही नव्हतं.

निघायच्या आदल्या आठवड्यात बाईंकडे शेवटचं काम राहिलं होतं. एका म्हातारीचा खालचा जबडा. सकाळी त्यांनी रबरी वाडग्यात प्लास्टर घेतलं, पाणी ओतलं, पट्टीने ढवळायला लागल्या. ढवळता ढवळता नजर खिडकीबाहेर गेली. बाजूला काढून ठेवलेल्या गोल पानांच्या रोपांमध्ये काहीतरी रंगीत होतं. आधी वाटलं, शेजारणीच्या दोरीवरचं काही उडून पडलंय.

त्या वाडगा हातात घेऊनच बाहेर आल्या.

फूल होतं. विटकरी नारिंगी, जुन्या गंजासारखं. एक पाकळी चुरगळलेली, जणू कुणी झोपेत तिच्यावर कूस बदलली होती. मध्ये लाल डोळा नव्हता, मळकट पांढरा डाग होता, आणि त्यातून पाकळ्यांवर पांढरे ओघळ आलेले. राखाडीचा त्यात मागमूस नव्हता. कुठल्याही फोटोत ते बसलं नसतं. कुणाच्या कुंपणावरून, कुठल्या मीटरशेजारून ते पराग डबीत आले होते, ते कळायला काही मार्ग नव्हता. बाईंना ते हास्यास्पद वाटलं. एवढा खटाटोप करून हे. त्यांनी घराकडे मान वळवली.

"अहो," त्यांनी हाक मारली, "इकडे या जरा. हे अजून कुणीच..."

हाक मागच्या दारातून आत गेली. स्वयंपाकघरातून, वाटीवरून, पुढच्या खोलीपर्यंत. तिथे ती थांबली.

या घरातलं सगळं नवऱ्याने पाहिलेलं होतं. दाराची कडी, कपाची मोडलेली कड, बाईंचे प्लास्टरने फाटलेले हात. राखाडीही. फक्त हे पाहिलेलं नव्हतं. आणि आता ते पाहणार नव्हते.

सुईचं बधिरपण उतरायला लागतं तेव्हा दुखणं लगेच येत नाही. आधी ओठाची कड झिणझिणते, जणू तिथे मुंग्या चालतायत. बाईंनी भरल्या हाताने ओठ चाचपला. प्लास्टरची पांढरी रेघ ओठावर उमटली. मग त्या कुंड्यांमधल्या ओल्या जमिनीवर, लहान मुलीसारख्या, फतकल मारून बसल्या.

शेजारणीला भिंतीपलीकडून आवाज ऐकू आला. ती पाण्याचा मग घेऊन नाही, तशीच धावत आली. तोवर वाडग्यातलं प्लास्टर घट्ट बसलं होतं आणि त्यात पट्टी उभीच्या उभी अडकली होती.

दुपारी मुलीचा फोन आला, गाडीची वेळ सांगायला. बाईंचा आवाज बसलेला होता. मुलीने घाबरून विचारलं, काय झालं?

"एक फूल आलंय," बाई म्हणाल्या. "वाईट आहे रंग. तुझ्या बाबांनी पाहिलेलं नाही." मग त्या म्हणाल्या, "गाडी नंतर पाठव. बाकीच्या रोपांना अजून यायचंय."

संध्याकाळी फूल मिटलं. त्या दिवशी वाटीतलं पाणी बदलायचं राहून गेलं.